हळदीच्या गोळ्यांबद्दल

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले बाटल्यांचे फोटो पाहिले. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीचा अर्क, फळांत सापडणारं फिसेटिन. "बाबांना सुरू करायच्या का, आणि मीही आत्तापासूनच घेऊ का?" असं विचारलं आहेस. फोनवर बाबा शेजारी असतात आणि त्यांच्यासमोर तुझ्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते आहे.

ही द्रव्यं बाबांच्या आजारातल्या गुठळ्या रोखतात, असं तू वाचलंस ते खोटं नाही. हंटिंग्टन या बाबांच्या आनुवंशिक मेंदूविकारात चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही जनुकाच्या लिपीतली तीन अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा येतात, त्यामुळे बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि मेंदूतल्या पेशींत त्याच्या गुठळ्या होतात. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य या गुठळ्या होऊ देत नाही, असं बर्लिनच्या संशोधकांना २००६ मध्ये दिसलं. पण ते परीक्षानळीत, यीस्टमध्ये आणि फळमाश्यांत. कर्क्युमिनचा प्रयोग २०१२ चा, उंदरांवरचा. त्या उंदरांना गर्भात असल्यापासून कर्क्युमिन मिळत होतं. गुठळ्या कमी झाल्या, काही हालचाली सुधारल्या. पण फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्यात आणि चढण्यात कर्क्युमिन खाणारे उंदीर मागे पडले, अगदी निरोगी उंदीरसुद्धा. बाटलीवरच्या जाहिरातीत यातला पहिला भाग तेवढा असतो.

आपण सांगलीची माणसं, हळदीबद्दल वाईट बोलणं आपल्याला जड जातं. पण हिशेब बघ. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के, त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं आणि मेंदूपर्यंत जाणारं त्याहून कमी. मिरीतल्या पायपेरिनसोबत दिलं तर रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, म्हणून तुझ्या बाटलीवरही ते नाव आहे. पायपेरिन मात्र इतर औषधांची यकृतातली विल्हेवाटही लांबवू शकतं आणि बाबांची औषधं रोज चालू आहेत. शिवाय हळदीच्या अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याचे रुग्ण इटलीत आणि अमेरिकेत नोंदले गेले आहेत. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलं की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतल्यास यकृताला त्रास होऊ शकतो. आमटीतली चमचाभर हळद आणि या गोळ्या एकाच मापानं मोजू नकोस. घरातली हळद बाबा खातात, खात राहतील.

माझी सगळी नोकरी वनस्पतीशास्त्र शिकवण्यात गेली, तेव्हा झाडांवर माझा विश्वास नाही असं तू म्हणणार नाहीस. उलट बाबांच्या रोजच्या गोळीची गोष्ट झाडापासूनच सुरू होते. सर्पगंधा तुला मी आंबा घाटात दाखवली होती. आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ती पद्धतशीर तपासली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेझर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. तसंच काम करणारं पण बनवायला सोपं काही मिळतं का, या शोधात टेट्राबेनाझिन सापडलं, तीच बाबांची गोळी. ते मेंदूतल्या पेशींत डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या द्रव्याचा साठा होऊ देत नाही, त्यामुळे हातापायांच्या अनावर हालचाली कमी होतात. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला हंटिंग्टनसाठी मान्यता मिळाली. बाबा आज स्वतःच्या हातानं पेला धरू शकतात ते या गोळीमुळे.

पण तीही आजार थांबवत नाही. मन खचवते, हा तिचा दुष्परिणाम रेझर्पिनमध्येही होता आणि तो इतका गंभीर की डॉक्टर दर खेपेला मला बाबांच्या मनःस्थितीबद्दल वेगळं विचारतात. मुळापासून गोळीपर्यंत यायला माणसांवरच्या किती चाचण्या, मात्रेचे किती वाद, किती वर्षं! तुझ्या बाटल्यांच्या मागे यातलं काहीच नाही.

आणि उंदरांत चाललेलं माणसांत चालेलच असंही नाही. कोएन्झाइम क्यू-१० या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्याचं नाव तुझ्या यादीत होतं. उंदरांत त्याचा फायदा दिसला होता. मग ६०९ रुग्णांची चाचणी झाली, रोज २४०० मिलिग्रॅम, पाच वर्षांपर्यंत द्यायची ठरवून. २०१४ मध्ये ती मध्येच थांबवली, कारण उपयोग होण्याची शक्यताच उरली नव्हती. त्या रुग्णांच्या घरच्यांनीही आपल्यासारखीच आशा धरली असेल, हे मी विसरू शकत नाही.

बाबांना मला आत्ता हवंय ते वजन. या आजारात शरीर कॅलरी झपाट्यानं जाळतं आणि गिळायला त्रास होतो. साजूक तुपातला पातळ शिरा, दाट ताकात कालवलेला मऊ भात, मिल्कशेक, असं दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं चाललंय. तू पैसे पाठवणारच असशील तर गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंच्या फीसाठी पाठव.

आता तुझं. तुझ्यात ते जनुक असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि वडिलांकडून येताना त्या अक्षरांची संख्या कधीकधी वाढते, हे तू वाचलं असशीलच. चाचणी करायची की नाही हे तूच ठरव. मी, आजी, पुढे येणारी सासरची माणसं, कुणाच्याही शब्दाखातर नाही. न करण्याचाही तुला पूर्ण हक्क आहे. करायचं ठरवलंस तर आधी जनुकीय समुपदेशकाकडे जा, परस्पर रक्त देऊन अहवाल मोबाइलवर मागवू नकोस. सीएजी किती वेळा आलं याचा आकडा चाळीस किंवा त्याहून जास्त म्हणजे काय आणि ३६ ते ३९ म्हणजे काय, हे समोर बसून समजावणारं माणूस त्या दिवशी जवळ लागतं.

बाटल्या फोडल्या नसशील तर परत कर. फोडल्या असतील तर लेबलांचे फोटो बाबांच्या डॉक्टरांना पाठव आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत स्वतःही घेऊ नकोस. समुपदेशकाकडे मी बरोबर यायला हवी असेन तर आठवडाभर आधी कळव. मावशी तेवढे दिवस बाबांजवळ राहायला तयार आहे.

तुझी,
आई