आदिस अबाबाहून आईला

ती. आईस सा. न.,

तू भरून दिलेले सुती कपडे अजून बॅगेतच आहेत. आफ्रिका म्हणजे ऊन, हे आपलं गणित सपशेल चुकलं. इथिओपियाचं हे राजधानीचं शहर कळसूबाईपेक्षाही उंच, २,३०० मीटरच्या आसपास. संध्याकाळी स्वेटर लागतोच.

शहर १८८६ सालचं, म्हणजे तसं तरुणच. मेनेलिक राजाचा मुक्काम आधी वर एंतोतोच्या डोंगरावर होता. तिथे गारठा फार. खाली गरम पाण्याचे झरे, तिथे राणी तायतूला करमायचं. तिने तिथेच घर बांधून घेतलं आणि जागेला नाव दिलं 'नवं फूल', इथल्या अम्हारिक भाषेत आदिस अबाबा. पुढे जळणासाठी रान इतकं तुटलं की राजधानी हलवायची भाषा सुरू झाली. मग ऑस्ट्रेलियातली निलगिरी लावली, तेव्हा कुठे शहर टिकलं. परवा एंतोतोला गेले तर अख्खा डोंगर तुझ्या सर्दीच्या बाटलीसारखा वास मारत होता. उतारावरून एक बाई निलगिरीच्या काटक्यांचा भारा पाठीवर घेऊन कमरेत वाकून येत होती. भारा तिच्याहून लांब. मी रस्त्याच्या कडेला झाले, तरी पानं दंडाला घासून गेलीच.

राष्ट्रीय संग्रहालयात ल्यूसी पाहिली, माणसाच्या आदिम नातलगांपैकी एक. ३२ लाख वर्षांपूर्वीची, १९७४ साली सापडलेली. उंची जेमतेम साडेतीन फूट! मांडलेला सांगाडा नकलेचा आहे, खरी हाडं आत जपून ठेवलीत. तरी पाय निघेना.

जेवणाची काळजी करू नकोस. बुधवारी नि शुक्रवारी इथले ख्रिस्ती लोक उपास करतात. मांस, अंडी, दूध काही नाही. त्या दिवशी माझी चंगळ. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारक्या धान्याची मोठ्ठी, आंबूस आंबोळी आणि वर शिरो. नाव शिरो, पण चव थेट आपल्या पिठल्याची, फक्त मसाला वेगळा.

घोळ झाला तो घड्याळाचा. यांचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक. मी ड्रायव्हरला आठला बोलावलं, तो दुपारी दोनला हसत हजर! चूक माझीच.

रविवारी फोन कर. तुझे साडेनऊ म्हणजे माझे सात. यांच्या घड्याळात किती, ते तू सोडूनच दे.

तुझी,
माई