आधी पाणी, मग नाली, मग रस्ता

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नगरपंचायतीसाठी मी आमच्या प्रभागातून अर्ज भरल्याचे तुम्हांला फोनवर सांगितले, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता की, निवडून आल्यावर आधी काय करशील. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ज्या वावरांत पूर्वी पऱ्हाटी उभी असायची, तिथे आता चारही बाजूंनी लेआऊट पडले आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी आणि दवाखान्याच्या सोयीसाठी खेड्यांतली कुटुंबे इथे प्लॉट घेऊन राहू लागली आहेत. प्रचारात प्रत्येक दारी सिमेंट रस्त्याची मागणी होते आणि ती रास्त आहे. पावसाळ्यात त्या चिखलातून शाळेत जाणारी मुले मी रोज पाहते. तरीही मी सगळ्यांना स्पष्ट सांगते की आधी जलवाहिनी, मग नाली आणि त्यानंतर रस्ता. हा क्रम उलटला की नवा रस्ता नळासाठी फोडावा लागतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

बाबा, काळ्या जमिनीचा स्वभाव तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि या हालचालीने उथळ पुरलेल्या पाइपांचे सांधे सुटतात. पाणी दिवसाआड सोडले जात असेल, तर पंप बंद झाल्यावर पाइपातला दाब उतरतो आणि शेजारच्या नालीतले घाण पाणी त्याच फटींतून आत ओढले जाते. हगवण आणि कावीळ घरात येते ती अशी. म्हणून पाइप पुरेसा खोल आणि नालीपासून दूर टाकला आहे की नाही, हे खड्डा बुजवण्यापूर्वी स्वतः उभे राहून पाहणे, हे मी नगरसेविकेचे पहिले काम मानते.

नालीचा आग्रह मी यासाठी धरते की घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. नळ वाढले आणि नाल्या तेवढ्याच राहिल्या, तर ते पाणी रिकाम्या प्लॉटांत साचते आणि डासांची पैदास होते.

पाण्याच्या स्रोताचीही मला काळजी वाटते. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटत गेली, तेव्हा यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या शहरालाही टँकरची वाट पाहावी लागली. आमचे गाव त्याहून कितीतरी लहान आहे. नव्या लेआऊटला मंजुरी देताना पाणी कुठून येणार, हे सर्वसाधारण सभेत विचारले गेलेच पाहिजे.

पैशांचा प्रश्न आहेच. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी आमच्यासारख्या लहान शहरांना दिलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून ठेवली होती, म्हणजे माझा क्रम काही जगावेगळा नाही. मात्र देखभाल घरपट्टी आणि पाणीपट्टीतूनच करावी लागते, आणि मते मागतानाही मी हे लपवत नाही.

माझे अधिकार किती, याचीही मला जाणीव आहे. 17 सदस्यांपैकी मी एक असेन आणि प्रशासन मुख्याधिकाऱ्यांच्या हाती असेल. पण सभेत विषय मांडणे, ठरावावर बोलणे, कामाचे अंदाजपत्रक मागून वाचणे, एवढे एका सदस्याला नक्कीच करता येते. आई, तुला वाटते की सभेला जावईच जातील. तसे होणार नाही. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या, त्या आमच्या नावावर दुसऱ्यांनी कारभार करावा म्हणून नव्हे. ह्यांनाही ते मान्य आहे.

बाबा, एक विनंती आहे. प्रभागातील सार्वजनिक विहिरींची पातळी मला मोजून ठेवायची आहे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तुलना करता येईल. वैशाखात आपल्या विहिरीला दोर सोडून तुम्ही पाणी मोजत होता, ती पद्धत इथल्या मुलांना शिकवायला चार दिवस या. आईलाही सोबत आणा. तिची गुडघ्यांची औषधे इथे मिळतात.

आपली मुलगी