देल्फिन सेरिगच्या हातातला कॅमेराही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला फ्रेंच अभिनेत्रींवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला पानभर जागा मिळावी, याचा मनापासून आनंद झाला. पण त्यात देल्फिन सेरिग चार ओळींत उरकली आहे आणि त्या चारही ओळी तिचा पिसांचा झगा, तिचं ‘गूढ सौंदर्य’ आणि तिचा आवाज यांवर खर्ची पडल्या आहेत. शिवाय ‘इंडिया साँग’च्या चित्रीकरणासाठी ती कोलकात्याला आली होती, असं लेखात म्हटलं आहे. ते चुकीचं आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

सेरिगचा जन्म १० एप्रिल १९३२चा, बैरूतमधला. वडील आँरी सेरिग नामवंत पुरातत्त्वज्ञ. सीरिया आणि लेबनॉनचं पुरातत्त्व खातं ते सांभाळत. आई भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांची पुतणी. महायुद्धाच्या काळात हे कुटुंब न्यूयॉर्कला होतं. पुढे सेरिगने फ्रान्समध्ये रंगभूमीवर सुरुवात केली आणि १९५०च्या दशकात पुन्हा न्यूयॉर्कला जाऊन अ‍ॅक्टर्स स्टुडिओत अभिनयाचे धडे घेतले. १९६१ मध्ये दिग्दर्शक आलँ रेने यांचा ‘लास्ट इयर अ‍ॅट मारिएनबाद’ आला आणि ती एकदम जगभर पोचली. त्या भव्य हॉटेलात खांद्यावर पिसं लेवून पुतळ्यासारखी उभी असलेली बाई, हीच तिची कायमची ओळख होऊन बसली.

त्या ओळखीत तिला राहायचं नव्हतं, हे पुढच्याच मोठ्या भूमिकेवरून दिसतं. ‘म्युरिएल’मध्ये ती मुद्दाम थोराड दिसते. स्वतःच्या वयापेक्षा कितीतरी मोठी, जुगाराच्या नादात कर्जबाजारी झालेली विधवा. राहत्या घरातूनच ती जुन्या वस्तूंचा धंदा करते. ज्या टेबलाशी जेवायचं तेही विकाऊच. या कामासाठी १९६३ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. लेखात तो नाही. दिग्दर्शक त्रुफो यांच्या ‘स्टोलन किसेस’मध्ये (१९६८) तिच्यावर लट्टू झालेला पोरगा तिच्याबद्दल म्हणतो की ही बाई नाही, साक्षात्कार आहे. तर ती त्याच्या खोलीवर जाऊन त्याला शांतपणे सांगते की मी साक्षात्कार वगैरे नाही, बाई आहे. सेरिगचा एकच प्रसंग पाहायला वेळ असेल, तर मी हा पाहायला सांगेन.

आता ‘इंडिया साँग’. मार्गरीत द्युरास यांचा हा १९७५चा चित्रपट घडतो कोलकात्यात, १९३७ साली, फ्रेंच राजदूताच्या पत्नीभोवती. पण युनिटने भारतात पाऊलही टाकलं नाही. पॅरिसलगत बुलोन्य इथे रॉथशिल्ड कुटुंबाचा एक पडका वाडा होता, तोच इथे राजदूतांचं निवासस्थान झाला. कोलकाता आहे ते फक्त आवाजांत. पडद्यावर पात्रं बोलतच नाहीत. संवाद, कुजबुज, दूरवरच्या भिकारणीचं गाणं हे सगळं बाहेरून ऐकू येतं आणि सेरिग मिटल्या ओठांनी आरशासमोरून चालत जाते. वसाहतीतल्या गोऱ्यांनी मनात रचलेला भारत असाच असणार, प्रत्यक्ष न पाहिलेला. त्यामुळे चित्रीकरण कुठे झालं, हा तपशील इथे किरकोळ राहत नाही. कृपया दुरुस्ती छापावी.

त्याच वर्षी तिने ‘झान दीलमान’ केला. दिग्दर्शिका शांताल अकरमान तेव्हा जेमतेम पंचविशीची, सेरिग त्रेचाळीसची आणि नावाजलेली. छायाचित्रणापासून बहुतेक सगळी कामं बायकांच्याच हाती होती. ब्रसेल्समधल्या एका फ्लॅटमध्ये एक विधवा आणि तिचा शाळकरी मुलगा राहतात. तिचे तीन दिवस, पडद्यावर तीन तास एकवीस मिनिटं. ती अंथरूण आवरते, भांडी घासते, बाजारहाट करते आणि रोज दुपारी पैशासाठी एक पुरुष घरी घेते. मिळालेले पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस, एवढंच घडतं. ती पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, ते कुठे ठेवावं हे तिला सुचत नाही. मग ते टाकून देऊन ती नव्याने बटाटे सोलायला बसते. कॅमेरा हलत नाही. सुरीचा वेग बदलतो, मध्येच हात थांबतो, आणि या बाईच्या आयुष्याची घडी विस्कटते आहे हे आपल्याला तिच्या मनगटावरून कळतं. एक संवाद नाही, डोळ्यांत पाणी नाही. बायका रात्रंदिवस जे करतात आणि जे कोणी बघत नाही, ते तासन्‌तास बघायला लावणं, यासाठी केवढी ताकद लागत असेल! चित्रीकरणाच्या वेळी अभिनेते सामी फ्रे यांनी काढलेल्या व्हिडिओत सेरिग दिग्दर्शिकेला खोदून खोदून प्रश्न विचारताना दिसते. ही बाई हे असं का करते, हे तिला समजून घ्यायचं असतं. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात हा चित्रपट सर्वकाळच्या चित्रपटांत पहिला आला. एका स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या यादीत प्रथमच अव्वल ठरला. आपल्या लेखात त्याचं नावही असू नये, याचं वाईट वाटलं.

पण माझी खरी तक्रार तिच्या आयुष्यातल्या पुढच्या, लेखात न आलेल्या भागाबद्दल आहे. ५ एप्रिल १९७१ रोजी ‘नुव्हेल ऑब्झर्व्हातर’ साप्ताहिकात ३४३ बायकांनी सही करून जाहीर केलं की आम्ही गर्भपात केला आहे. मजकूर स्त्रीवादी लेखिका सिमोन द बोव्हार यांचा. सेरिगची त्यावर सही होती; कात्रीन दनव, जान मोरो या अभिनेत्रींचीही होती. फ्रान्समध्ये तेव्हा गर्भपात हा गुन्हा होता, सही करणारीवर खटला होऊ शकत होता. त्याच साली आपल्याकडे संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला, आणि त्याच्या पन्नास वर्षं आधी र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं. फ्रान्स म्हणजे सगळ्या बाबतींत आपल्या पुढेच, असं धरून चालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. १९७२ मध्ये तर सेरिगच्या पॅरिसमधल्या घरी गर्भपाताची सुरक्षित, सोपी पद्धत कार्यकर्त्यांना दाखवण्यात आली. त्याच वर्षी पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथल्या गाजलेल्या खटल्यात वकील जिझेल हालिमी यांच्या बाजूने ती साक्षीला उभी राहिली. बलात्कारातून गर्भवती झालेल्या एका अल्पवयीन मुलीवर आणि तिला मदत करणाऱ्यांवरचा तो खटला. १९७५च्या जानेवारीत कायदा बदलला.

नंतर तिने स्वतः कॅमेरा हातात घेतला. तेव्हा उचलून नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा नुकताच बाजारात आला होता. कारोल रुसोपुलोस यांच्याकडून ती तो चालवायला शिकली आणि योआना वीडर यांना बरोबर घेऊन या तिघींनी फिल्म करायला सुरुवात केली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. ते सरताना फ्रेंच टीव्हीवर एक कार्यक्रम झाला. त्यात नामवंत पुरुष बायकांविषयी वाटेल ते बोलत होते आणि महिलांसाठी नेमलेल्या राज्य सचिव फ्राँस्वाझ जिरू हसून सांभाळून घेत होत्या. या मैत्रिणींनी तो कार्यक्रम रेकॉर्ड केला, जागोजागी थांबवला आणि हाताने लिहिलेल्या पाट्या मध्ये घालून एकेका वाक्याचा समाचार घेतला. आज मोबाइलवर पोरं हेच करतात. यांनी ते १९७६ मध्ये केलं.

आणि मग ‘सुंदर दिस आणि गप्प बस’ अशा नावाची तिची फिल्म. १९७५-७६ मध्ये तिने फ्रान्स आणि अमेरिकेतल्या वीसहून अधिक अभिनेत्रींना कॅमेऱ्यासमोर बसवलं. चित्रण काळंपांढरं, सजावट काही नाही. प्रश्न साधे. तुम्ही पुरुष असता तर नट झाला असता का? दुसऱ्या बाईशी जिव्हाळ्याचं नातं असलेली भूमिका कधी मिळाली का? एकीमागून एक ‘नाही’ येत जातं. जेन फोंडा सांगते की हॉलिवूडमधल्या पहिल्या मेकअप चाचणीतच तिला केस सोनेरी करायला आणि गाल खोल दिसावेत म्हणून जबडा मोडून घ्यायला सुचवलं गेलं. मारिया श्नायडर तेव्हा विशीतली. आपल्याला कसल्या भूमिका मिळतात, त्या कोण लिहितं, हे ती ज्या थकल्या आवाजात सांगते ते विसरता येत नाही. ही फिल्म प्रदर्शित झाली १९८१ मध्ये. आपल्याकडे केरळच्या चित्रसृष्टीतल्या बायकांचं म्हणणं मांडणारा न्या. हेमा समितीचा अहवाल लोकांसमोर यायला २०२४ उजाडलं.

हे सगळं तिच्या कारकिर्दीतच धरायला हवं. अनेकदा ‘ती स्त्रीवादी चळवळीतही सक्रिय होती’ एवढ्या वाक्यात हे संपवतात, जणू फावल्या वेळचा छंद होता. स्वतःच्या व्यवसायाचीच उलटतपासणी घेणारी एवढ्या उंचीची दुसरी नटी मला माहीत नाही. जी बटाटे सोलत होती, तीच हे प्रश्न विचारत होती. १९८२ मध्ये या तिघींनी पॅरिसमध्ये सिमोन द बोव्हार यांच्या नावाने दृक्‌श्राव्य केंद्र काढलं. बायकांच्या लढ्यांची चित्रणं जमवायची, सांभाळायची, दाखवायची, हे त्याचं काम. मध्यंतरी बंद पडलेलं ते केंद्र पुन्हा सुरू झालं. सेरिग मात्र १५ ऑक्टोबर १९९० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. वय अवघं अठ्ठावन्न.

आपल्याला दोन विनंत्या. सेरिगवर स्वतंत्र लेख छापावा, आणि त्यासोबत मारिएनबादच्या झग्यातल्या छायाचित्राऐवजी तिचं कॅमेरा घेतलेलं छायाचित्र द्यावं. दुसरी विनंती आपल्यामार्फत राज्यातल्या फिल्म सोसायट्यांना. ‘झान दीलमान’ला तीन तास एकवीस मिनिटांचा वेळ काढणं अवघड असेल तर आधी ती मुलाखतींची फिल्म लावा, मराठी उपशीर्षकं देऊन. आणि खेळ संपल्यावर मराठी नाटक, मालिका, चित्रपटांत काम करणाऱ्या चार-पाच जणींना मंचावर बोलवून हेच प्रश्न विचारा. त्या काय सांगतात ते आपण पुरवणीत शब्दशः छापावं.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा