“गोणी किती किलोची?” असं विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

शेतीविषयक मराठी संकेतस्थळावर मजकूर लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण मुद्रितशोधक म्हणून तुम्ही समासात जे जे लिहीत गेलात, ते मराठीतून संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

शेतीतलं आपल्याला काही कळत नाही, असं तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतंत. आमचं भलं त्यानेच झालं. शेती कळणारा माणूस वाक्यातलं गाळलेलं मनातल्या मनात भरून वाचतो. तुम्ही तिथे थांबून प्रश्न विचारलात.

“कांद्याला एकरी दोन गोण्या युरिया द्यावा” या वाक्यापुढे तुम्ही लाल शाईत लिहिलंत: गोणी किती किलोची? युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ किलोची झाली. डीएपी या दुसऱ्या खताची गोणी मात्र अजूनही ५० किलोची. म्हणजे जुन्या पुस्तिकेतल्या दोन गोण्या १०० किलो आणि आजच्या दोन गोण्या ९० किलो. त्याहून मोठी गफलत नत्र (नायट्रोजन) आणि युरिया यांची. शिफारस “हेक्टरी १०० किलो नत्र” अशी असते आणि युरियात नत्र ४६ टक्के. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं तर हेक्टरी सुमारे २१७ किलो, म्हणजे एकरी सुमारे ८८ किलो युरिया लागतो. “नत्र” हा शब्द गाळून कुणी “हेक्टरी १०० किलो युरिया” लिहिलं, की पिकाला निम्म्याहूनही कमी नत्र मिळतं. डीएपी वापरलं असेल तर त्यातलं १८ टक्के नत्रही वजा करावं लागतं. आता आमच्या प्रत्येक पानावर आधी अन्नद्रव्य किलोत, मग खत किलोत, मग गोण्या आणि शेजारी गोणीचं वजन, असा क्रम असतो. हेक्टर की एकर, हेही प्रत्येक आकड्यालगत लिहितो. वर एकदा सांगून भागत नाही, कारण मोबाइलवर वाचणारा थेट मधल्या परिच्छेदावर येऊन पडतो.

दुसरा तुमचा प्रश्न दिवसांचा. “लागवडीनंतर ४५ दिवसांनी” म्हणजे कशानंतर? कांद्याचं बी आधी रोपवाटिकेत टाकतात, रब्बीत रोप सात-आठ आठवड्यांचं झालं की शेतात लावतात. कुणी बी टाकण्याला लागवड म्हणतं, कुणी रोप लावण्याला. बी टाकल्याच्या तारखेपासून दिवस मोजणारा माणूस ४५व्या दिवशी खत घेऊन जाईल तेव्हा रोप अजून वाफ्यातच असेल. उलट बाजूने घोळ झाला आणि नत्राचा शेवटचा हप्ता लांबला, तर पात वाढत राहते, मान जाड राहते आणि तो कांदा साठवणीच्या चाळीत सडतो. म्हणून आम्ही “बी टाकल्यापासून” आणि “रोप शेतात लावल्यापासून” असे दोनच शब्दप्रयोग ठेवले आणि “लागवड” शीर्षकापुरती ठेवली. “दोन दिवसांआड पाणी” हाही असाच फसवा प्रयोग. कुणी तो एक दिवस सोडून असा वाचतं, कुणी दोन दिवस सोडून. तुम्ही सुचवलेलं “सोमवारी दिलं तर पुढचं गुरुवारी” हे लांब आहे, पण त्याचे दोन अर्थ निघत नाहीत.

“योग्य प्रमाणात”, “आवश्यकतेनुसार”, “वेळोवेळी” हे शब्द तर तुम्ही दिसतील तिथे गोल करून पाठवलेत. जिथे जिथे ते होते, तिथे आकडा आम्हाला ठाऊक नव्हता किंवा शोधायचा कंटाळा होता, हे कबूल करावंच लागेल. “फवारणी करण्यात यावी” याचं “फवारा” झालं, “सदर पिकास” याचं “या पिकाला” झालं. आणि इंग्रजीवरून आलेला “बल्ब तयार होतो” हा प्रयोग गेला. आपल्याकडे कांदा पोसतो.

फवारणीच्या पानांवर तर तुमच्या प्रश्नांनी माणसांचं आणि पिकाचं नुकसान टळलं असेल, असं आम्हाला मनापासून वाटतं. औषधाचं नुसतं नाव पुरत नाही, टक्का लागतो. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के द्रावण मिळतं आणि ७० टक्क्यांचे पाण्यात मिसळणारे दाणेही मिळतात. टक्का न बघता दुसरं पहिल्याइतकंच घेतलं, तर औषध जवळपास चौपट पडतं. “पंपाला ३० मिली” हेही अपुरं. १५ लीटरच्या पंपात ते लीटरला २ मिली होतं, २० लीटरच्या पंपात दीडच मिली. त्यामुळे प्रमाण नेहमी लीटरमागे. त्याच ओळीत काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही तेही, आणि त्या पिकासाठी लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची अधिकृत मान्यता, नसेल तर ते औषध पानावर घ्यायचंच नाही.

आता लिपीबद्दल. आमचा जुना मजकूर श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फाँटांमध्ये होता. पडद्यावर मराठी दिसायचं, आत साठवलेली अक्षरं रोमन होती, म्हणून शोधयंत्राला ती पानं मराठी म्हणून कधी दिसलीच नाहीत. युनिकोडमध्ये बदलताना पहिली वेलांटी आणि रफार सर्वांत जास्त बिघडले. जुन्या फाँटात वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये मात्र उच्चाराच्या क्रमाने साठवण होते. बदलून झालेल्या फायलीत आधी हे दोनच तपासा, हा तुमचा सल्ला तास वाचवणारा ठरला.

“शेतकर्यांना” या चुकीवरचं तुमचं टिपण आम्ही छापून भिंतीला लावलंय. “शेतकऱ्यांना” मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारी जोडखूण घेऊन. दिसायला दोन्ही सारखे, पण पानावर एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. जोडखूण गळाली की र्य होतो. ॲ चंही तेच. “ॲझोटोबॅक्टर” (एक जिवाणू खत) मधला ॲ हे २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं एक अक्षर आहे. अ वर चंद्र देऊन टाइप केलेला शब्द संगणकाला वेगळा वाटतो. आम्ही दोन्ही ठिकाणी एकच पद्धत ठरवली आणि जुनी सगळी पानं शोधून-बदलून एकसारखी केली.

शीर्षकांबद्दलचं तुमचं निरीक्षण कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. मराठीत सामान्यरूप होतं. “कांदा” चं “कांद्याची”, “कांद्यावरील” झालं, की पानभर कांद्याविषयी लिहूनही “कांदा” ही अक्षरं तशीच्या तशी एकदाही येत नाहीत. म्हणून शीर्षकात आणि पहिल्या दोन वाक्यांत मूळ रूप, पुढे ओघात येईल तसं. मात्र “कांदा लागवड माहिती, कांदा लागवड पद्धत” अशी माळ ओढायची नाही. गूगल त्याला गैरप्रकार मानतं, आणि वाचणाराही विटतो. बोलीतला शब्द एकदा जोडून द्यायचा, जसं “फुलकिडे म्हणजेच थ्रिप्स”, कारण दुकानात माणूस थ्रिप्सच म्हणतो.

पानाच्या इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी मात्र रोमन लिपी. देवनागरी पत्ता कुणाला पाठवला की बऱ्याचदा एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. “कांदा” या पाच चिन्हांचीच ४५ झाली, तर संदेशात ती ओळ बघून कुणी बोट लावायचं नाही. पानाच्या भाषेची खूण इंग्रजीवरून मराठीवर आणली, तेव्हा पान मोठ्याने वाचणाऱ्या सोयीला ते मराठीत वाचायचं आहे हे कळायला लागलं. दोन्ही कडांना समान लावलेला मजकूर सोडला, कारण मराठी प्रत्ययांनी शब्द लांबतात आणि मोबाइलवर मध्ये भगदाडं पडतात. तिरकी अक्षरंही सोडली. खतांचे तक्ते चित्र म्हणून टाकणं बंद केलं.

एका गोष्टीसाठी तुमचे आभार जरा जास्तच मानायला हवेत: पानाखालची “शेवटचा बदल” ही ओळ, तारखेसह आणि काय बदललं त्यासह. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपात आलेला एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याला विमा संरक्षित रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. तारीख नसलेलं जुनं पान वाचून एखादा माणूस एक रुपया घेऊन केंद्रावर जातो आणि त्याची फेरी वाया जाते. म्हणून योजनांची पानं आम्ही प्रत्येक हंगामाआधी उघडून वाचतो. काही बदललं नसेल तर तारीखही बदलत नाही. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख पुढे ढकलणं ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे, हे तुमचे शब्द आम्हाला पाठ झालेत.

खरीप रोपवाटिकेची चार पानं परवा तुमच्याकडे पोचतील. तिसऱ्या पानावर गादीवाफ्याची उंची लिहिली आहे, रुंदी राहिली आहे. ती शेतावर मोजून कळवतो, तोवर ते पान पुढे सोडू नका.

तुमचे,
पीक-माहितीचा मजकूर लिहिणारे आम्ही सगळे