अण्णा, ट्रे बाहेर आला!

आदरणीय अण्णांना,
सप्रेम नमस्कार.

गेल्या एकादशीला आजींच्या माजघरात मी स्वतः काढलेली सीडी लागली. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी स्वतःच बटण दाबलं. रूपाचा अभंग संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग पुढचं बटण दाबत दाबत थेट गौळणीवर गेल्या आणि म्हणाल्या, "पेटी तुझीच न्हवं?" मी हो म्हटलं. त्याच रात्री ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं. दुकानात येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे की आधी" म्हणून विषय बदलता. पत्रात तुम्हाला तसं करता येणार नाही.

ज्यांना आपली ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. जन्मापासून दिसत नाही. गावच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. तुमचं बेळगावात साऊंड सिस्टिमचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मंडळाचा अँप्लिफायर बिघडला म्हणून आम्ही तिघी तो पोत्यात गुंडाळून बसने घेऊन आलो, तीच आपली पहिली भेट. तुमची मातृभाषा कन्नड. माझ्याशी तुम्ही मराठीत बोलता आणि हाक मात्र 'तंगी' अशी मारता. मराठीत तंगी म्हणजे ओढगस्त, तो शब्द ऐकून पहिल्या दिवशी मी दचकलेच होते. कन्नडमध्ये ती धाकटी बहीण, हे तुमच्या घरातल्यांनी हसत सांगितलं. आता दुसऱ्या कुणी त्या नावाने हाक मारली तर मला चालणार नाही.

आजी आमच्या मंडळाच्या सगळ्यात जुन्या. गावात आज जे अभंग म्हटले जातात त्यांतल्या निम्म्या चाली त्यांच्या गळ्यातून आलेल्या. शब्द गाथेत सापडतात, चाल गाथेत सापडत नाही. गुडघे गेले आणि त्यांचं देवळात येणं बंद झालं, तेव्हा मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. दोन पावसाळे ते काम चाललं. संगणकात ढीगभर फाइली जमल्या. पण त्या ऐकायच्या कशावर? त्यांच्या मुलाने गोव्याहून मोबाइल आणून दिला होता, त्या गुळगुळीत काचेवर आजींची बोटं थरथरायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. त्यांच्या उशाशी जुना सीडी प्लेअर होता. त्याची बटणं टपोरी, हाताला लागणारी. सुरू, बंद, पुढे, मागे. आता सीडी कोण ऐकतं, असं मला पुष्कळांनी विचारलं. ज्याला बोटांनी बटण शोधावं लागतं तो ऐकतो. आजींच्या म्हातारपणाला आणि माझ्या आंधळेपणाला तो प्लेअर सारखाच सोयीचा होता.

तुमच्याकडे येण्याआधी मी सहा डिस्क वाया घालवल्या होत्या. माझा संगणक जुना, डेस्कटॉप, सीडी रायटर असलेला. त्यावर एनव्हीडीए आहे, पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी तो लिहायला घेतला. ते स्वतः अंध आहेत, आणि तो फुकट मिळतो म्हणूनच माझ्यासारखीच्या घरात संगणक आला. तर कोरी डिस्क घातली की विंडोज विचारायचं, ही डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची की 'विथ अ सीडी डीव्हीडी प्लेअर'. मला वाटलं, प्लेअरवरच तर लावायची आहे. मी दुसरं निवडायची, फाइली चढायच्या, सगळं नीट झाल्याचा आवाज यायचा, आणि आजींचा प्लेअर दोनदा घरघरून गप्प व्हायचा. बेळगावातल्या एका संगणक क्लासमध्ये विचारायला गेले तर तिथल्या माणसाने माझ्याशी न बोलता सोबतच्या वहिनीला सांगितलं, "यांना कशाला त्रास? फाइली ठेवून जा, आम्ही करून देतो. यांना काही ते जमायचं नाही." वाईट हेतूने बोलला नसेल. पण मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही.

आणि मग तुम्हाला फोन केला. "काय झालं तंगी?" म्हणालात, सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "प्लेअर जुना हाय?" जुनाच आहे म्हटल्यावर तुम्हाला लगेच कळलं. मी डेटा सीडी करत होते. त्यात एमपीथ्री, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या फाइली, जशाच्या तशा बसतात, आणि जुन्या प्लेअरला एमपीथ्री म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. त्याला हवी ऑडिओ सीडी. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८० साली ठरवलेली पद्धत: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन बाजूंचा आवाज, जास्तीत जास्त ९९ ट्रॅक. प्रत्येक सेकंदाला तेवढीच जागा लागते, म्हणून फाइल किती लहान आहे याला तिथे काही अर्थ नाही, गाणं किती मिनिटांचं आहे ते बघायचं. एका डिस्कवर ८० मिनिटं. मी मात्र ७०० एमबीचा हिशेब करत बसले होते.

इथपर्यंत कुणीही सांगितलं असतं. पुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे.

"फाइली घेऊन ये, मी पाच मिनिटांत काढून देतो," असं तुम्ही म्हणू शकला असता. मीही तेच मागायच्या बेतात होते. त्याऐवजी तुम्ही म्हणालात, "थांब. मी माझ्या संगणकावर ते तुझं बोलणारं घालतो आणि रात्री फोन करतो." रात्री दुकान बंद केल्यावर तुम्ही एनव्हीडीए उतरवून घेतलंत, माऊस बाजूला ठेवलात आणि मॉनिटर बंद केलात. मला ते कळलं, कारण तुम्ही मध्येच म्हणालात, "अग, माझा पडदा काळा हाय, तूच सांग आता काय ऐकू येतं." मला संगणक शिकवणारे अनेक भेटले. सगळे 'ते निळं बटण', 'उजवीकडे वर बघ' असं सांगत. तुम्ही एकदाही 'बघ' म्हटलं नाहीत. "तुझा काय बोलला? माझा पण तेच बोलला. आता टॅब मार." दोन गावांत दोन संगणक एकाच सुरात बोलत होते आणि आपण दोघं ऐकत होतो.

विंडोज मीडिया प्लेअर उघडायचा. बर्नच्या, म्हणजे डिस्कवर लिहिण्याच्या, टॅबवर जायचं. बर्न ऑप्शन्समध्ये 'ऑडिओ सीडी' निवडलेलं आहे ना ते कानांनी खात्री करून घ्यायचं, 'डेटा' ऐकू आलं तर पुढे जायचं नाही. मग फाइली यादीत घालायच्या आणि 'स्टार्ट बर्न'. त्याआधी ऑल्ट दाबून टूल्स, ऑप्शन्स, तिथे पुन्हा बर्न. वेग 'स्लो' ठेव म्हणालात, जुन्या प्लेअरला सावकाश लिहिलेली डिस्क मानवते. आणि तिथेच एक चौकट टिक करायला लावलीत: काम झालं की डिस्क आपोआप बाहेर. दिसणाऱ्याला ती चौकट बिनमहत्त्वाची. मला तिच्यामुळे स्पीकरला कान लावून टक्केवारी ऐकत बसावं लागलं नाही. मी ट्रेसमोर हात धरून बसले. बऱ्याच वेळाने खट्ट झालं आणि ट्रे तळहाताला येऊन लागला. मी फोनवर ओरडलेच, "अण्णा, ट्रे बाहेर आला!" तुमचा संगणक तेव्हा अजून लिहीतच होता. डिस्क कोमट होती, ते अजून बोटांना आठवतं.

डिस्कची कुठली बाजू वर, तेही तुम्ही डोळे मिटून शोधून काढलंत. मधल्या भोकाभोवती एका बाजूला बारीक उंच कडं लागतं, ते खाली. इतकी वर्षं मी ते कुणाला तरी विचारूनच डिस्क घालत होते.

पहिली डिस्क आजींच्या प्लेअरवर लागली, तरी मी तुम्हाला पुन्हा फोन केला. आमच्याकडे गौळण संपते तीच पुढच्या अभंगात शिरून. मृदंग थांबत नाही. मी सलग ध्वनिमुद्रणाचे तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकड्यापुढे दोन सेकंद शांतता येत होती. लय चालू असताना कुणी मृदंगावर हात ठेवावा तसं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, दोन सेकंदांचं काय एवढं. तुम्ही फोनवरच ऐकलंत आणि म्हणालात, "सम गेली की ग." तालाची पहिली मात्रा जागेवर पडत नव्हती. अण्णा, माझं म्हणणं मला समजावून सांगावं लागलं नाही, हे त्या दिवशी केवढं मोठं होतं! ज्या मुलखात सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले त्या मुलखात सम गेलेली ऐकून घेणारा माणूस भेटावा, यात खरं तर नवल वाटायला नको. पण मला वाटलं.

मग त्याच ऑप्शन्समध्ये ट्रॅकमधली शांतता काढायची चौकट सापडली. तरी सांध्यावर बारीकसा धक्का राहिलाच. तुम्ही दोन दिवस घेतलेत आणि कारण शोधलंत: एमपीथ्री करताना फाइलीच्या सुरुवातीला नि शेवटी क्षणभराची शांतता चिकटते. "एमपीथ्री नको, वेव्ह काढ." वेव्ह म्हणजे आवाज न दाबलेली फाइल. ऑडासिटी या आवाजाची काटछाट करायच्या प्रोग्रॅममध्ये सलग ध्वनिमुद्रण वाजवत ठेवून, जिथे तुकडा पाडायचा तिथे कंट्रोल एम दाबून खूण करायची आणि सगळे तुकडे एकदम वेव्हमध्ये काढायचे. खुणा समेवर पडाव्यात म्हणून मी एकेक जागा दहा-दहा वेळा ऐकली. हे काम मला पेटी वाजवण्याइतकंच आवडलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आता मंडळातल्या अकरा घरांत या डिस्क आहेत, आणि एकही दुसऱ्या कुणी काढून दिलेली नाही. डिस्कवर कागद चिकटवायचा नाही, फिरताना तोल जातो, हेही तुमचंच. म्हणून मी जाड पुठ्ठ्यावर पाटी-स्टायलसने ब्रेलमध्ये नाव टोचते आणि तो पुठ्ठा पाकिटात सरकवते. धाकट्या भाचीने त्याच पुठ्ठ्यावर शाईने मराठीत लिहिलं आहे. तुम्हाला पाठवलेल्या पाकिटावर तिने तुमच्या मुलीला फोनवर विचारून कन्नडमध्येही लिहिलं.

दुकानाच्या पत्त्यावर ते पाकीट टाकलं आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा मोठ्या स्पीकरवर लावा. सहावा ट्रॅक गौळणीचा आहे. ती संपून सातवा सुरू होतो तिथे आजी श्वास घेतात, मागून टाळ चढतात आणि मृदंग तसाच पुढे जातो. तेवढी जागा कान देऊन ऐका, आणि ऐकून झाल्यावर मला फोन करा.

तुमची,
तंगी