‘प्रोजेक्ट मॅनेजर पाहिजे’, पण कोणाच्या बाजूचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘प्रोजेक्ट मॅनेजर पाहिजे. बी.ई. सिव्हिल, १० ते १५ वर्षे अनुभव, प्रिमाव्हेरा आवश्यक, पीएमपी असल्यास प्राधान्य.’ नोकरीच्या पानांवर बांधकाम क्षेत्रातल्या अशा जाहिराती सतत दिसतात (प्रिमाव्हेरा म्हणजे कामाचे वेळापत्रक आखायचे सॉफ्टवेअर, पीएमपी म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा). माणूस बिल्डरला हवा आहे, ठेकेदाराला की पीएमसीला (प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या सल्लागार कंपनीला), हे मात्र त्यात सहसा नसते. पदाचे नाव एकच असले तरी तिघांकडची कामे इतकी वेगळी आहेत, की एकाकडचा दहा वर्षांचा अनुभव दुसऱ्याकडे निम्मासुद्धा उपयोगी पडत नाही.

ठेकेदाराकडचा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे मजूर, शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे), सळई आणि आरए बिल (झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याचे बिल). जाहिरातीत ‘७ दिवसांची स्लॅब सायकल’, म्हणजे दर ७ दिवसांनी एक स्लॅब, असे असेल तर उमेदवाराने मुलाखतीत एकच प्रश्न विचारावा: साइटवर प्रॉपचे (स्लॅबखालच्या टेकूंचे) सेट किती आहेत? काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४५६ प्रमाणे, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ आणि त्यापुढे २१ दिवस. साच्याची ॲल्युमिनियमची पॅनेल एका मजल्यापुरती असली तरी चालतात, पण प्रॉप खालच्या मजल्यांवर अडकून राहतात. सेट कमी असले की प्रॉप लवकर काढायला सांगितले जाते, आणि पुढे तडा गेला की कागदावर सही मॅनेजरची असते. म्हणून पोअर कार्डवर (काँक्रीट ओतण्याच्या परवानगीच्या कागदावर) शेवटची सही कोणाची आणि ओतकाम थांबवायचा अधिकार कोणाला, हेही तिथल्या तिथे विचारून घ्यावे.

सळईचा हिशेब तर नव्या माणसाला हमखास गोत्यात आणतो. १२ मिमी सळईचे गणिती वजन मीटरला ०.८८८ किलो, आणि बिल निघते ते ड्रॉइंगमधल्या लांबीला या वजनाने गुणून. माल मात्र काट्यावर मोजून येतो, आणि सळईच्या मानकात, आयएस १७८६ मध्ये, या सळईच्या वजनात ५ टक्के कमी-जास्त चालते. माल ३ टक्के जड आला तर ५०० टनांमागे १५ टन कागदावरून गायब! चोरी कोणीच केलेली नसते, पण महिनाअखेरच्या रिकन्सिलिएशनमध्ये (आलेला आणि वापरलेला माल जुळवताना) जाब मॅनेजरलाच द्यावा लागतो. प्रत्येक गाडीतून एकेक मीटरचे तुकडे कापून वजनाची नोंद ठेवायची सवय असलेला माणूस इथे हवा. प्रिमाव्हेरा येते की नाही हा नंतरचा प्रश्न.

बिल्डरकडे याच पदावर वेगळे ओझे असते. जोते तपासणी प्रमाणपत्राआधी वरचे काम रेटले की ते अडते. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात राहतात आणि अभियंता, आर्किटेक्ट व सीए यांच्या प्रमाणपत्रांवर, काम झाले असेल त्या प्रमाणातच निघतात. साइटवरून ‘आरसीसी ६० टक्के’ असा आकडा ढिलाईने गेला तर तो थेट बँकेपर्यंत पोचतो. आयुष्यभर ठेकेदारी केलेला उत्तम अभियंता इथे सहा महिन्यांत वैतागतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मेट्रो किंवा मोठ्या पुलांच्या कामांत, विशेषतः परदेशी कर्जावरच्या, करार बहुधा फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता महासंघाच्या नमुन्याच्या धाटणीचा असतो. १९९९ च्या फिडिकमध्ये वाढीव मुदत किंवा पैसे मागायचे तर कारण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. जागा उशिरा मिळाली, सगळ्यांना ठाऊक होते, पण पत्रच गेले नाही, म्हणून दावा बुडाला असे होते. अशा ठिकाणी रोज संध्याकाळी अडथळ्यांची नोंदवही भरणारा आणि नेमके पत्र लिहिणारा माणूस लागतो. जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. उलट ‘३ वर्षे अनुभव, पीएमपी अनिवार्य’ असेही छापून येते. पदवीधराला त्या परीक्षेला बसायलाच, नुसत्या नोकरीचा नव्हे, तर प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, हे जाहिरात देणाऱ्याने एकदा पाहायला हवे होते.

चालू कामावर मधूनच रुजू होणाऱ्याने आधी क्यूब रजिस्टर (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीसाठी घेतलेल्या ठोकळ्यांची नोंदवही) मागावे. १२० घनमीटरच्या स्लॅबला ६ नमुने, प्रत्येकाचे ३ क्यूब, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी १८ क्यूब लागतात. रजिस्टरमध्ये ९ च दिसले तर उरलेल्यांचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल हे गृहीत धरावे, किंवा रुजू होतानाच तसे लेखी कळवावे. ऑफिस इंटिरियरच्या कामात हीच चौकशी लिफ्ट, चिलर, जनरेटरच्या ऑर्डरींची करावी. मागवायलाच उशीर झालेला असेल तर साइटवर कितीही धावपळ केली तरी तारीख गाठता येत नाही.

आखाती देशांच्या जाहिरातींचे आणखी एक. कुवेतमध्ये अभियंता म्हणून काम करायला तिथल्या अभियंता संघटनेची मान्यता लागते आणि त्यासाठी आपल्या पदवीचे एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन) मानांकन पाहिले जाते. २०१८ मध्ये यामुळे अनेक भारतीय अभियंत्यांचे तिथले राहण्याचे परवाने अडले होते. एजंटच्या जाहिरातीत ही ओळ क्वचितच असते.

आपल्या जाहिरात विभागाने फॉर्ममध्ये चार रकाने वाढवावेत, एवढीच विनंती: कोणातर्फे, काम कोणत्या टप्प्यात, करार कोणत्या प्रकारचा, आणि नेमणूक कायम की प्रकल्प संपेपर्यंत. ‘ठेकेदारातर्फे, आठवा स्लॅब चालू, आयटम रेट, प्रकल्पापुरती’ एवढे सात शब्द (आयटम रेट म्हणजे प्रत्येक बाबीला ठरलेला दर). शब्दावर दर लावला तरी जाहिरातदाराला परवडतील.

आपले,
बांधकाम नियोजन क्षेत्रातील काही अभियंते, पुणे