रात्री साडेअकराची अनामत : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात लोकमान्यनगरला राहते, घरी पोळीभाजीचे बावीस डबे करते. आमच्याकडे बंड्या नावाचा बोका आहे. गेल्या श्रावणात एका रात्री तो सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसत होता. कुंथायचा, उठायचा, परत बसायचा. वाळूत लघवी नाहीच, नुसता लालसर डाग. पोटाखाली लिंबाहून मोठा टणक गोळा लागला आणि हात लावताच तो किंचाळला. बोक्यांना हे होतं. मार्ग तुंबतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडतं. हे खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. आधी सांगितली अनामत : पंधरा हजार भरा, मग नळी घालू.

घड्याळात साडेअकरा, माझ्या डब्यात तीन हजार दोनशे. सरकारी दवाखाना केव्हाच बंद झालेला. १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन केला की येणारी फिरती पथकं मुख्यतः गावाकडच्या गुराढोरांसाठी. धर्मादाय उपचार म्हटले की सगळे परळच्या बाई साकरबाई या जनावरांच्या रुग्णालयाचं नाव घेतात. पण लोकमान्यनगरहून तिथं जायचं कसं? रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, आणि पिशवीतून ओरडणारा बोका बघून दोन गाडीवाल्यांनी काच वर केली. महालक्ष्मीला २०२४ साली जनावरांचं मोठं रुग्णालय झालं, तेही शीवच्या पलीकडेच.

शेवटी भिशी कामाला आली. त्या महिन्याचा नंबर माझा नव्हता. जिचा होता तिनं लेकीच्या फीसाठी ठेवलेले पैसे रात्री बाराला, गाऊनवरच खाली येऊन, माझ्या हातावर ठेवले. बंड्या वाचला. मागच्या गल्लीतल्या मुलाचं कुत्र्याचं पिल्लू मात्र पार्वो या विषाणूच्या आजारानं गेलं. त्याच्या वर्गणीचा क्यूआर कोड सगळ्या ग्रुपवर फिरत होता. पैसे जमलेही, पिल्लू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. भूल, ऑक्सिजन, रात्रीचा माणूस, सगळ्याला पैसा लागतो, आणि उधारी बुडवणारेही आमच्यातलेच असतात. माझं म्हणणं त्या पहिल्या तासापुरतं आहे. बरेचसे जीव उपचार नाहीत म्हणून जात नाहीत, काउंटरवर जातात.

माणसांसाठी आपल्याच राज्यात यावर तोड निघालेली आहे. यजमानांच्या ऑपरेशनच्या वेळी मी ती पाहिली. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते, आणि तातडीनं दाखल होणाऱ्या निर्धन रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि समाजसेवक ताईंची सही, एवढ्यावर आमचं काम झालं होतं. तसाच एखादा छोटा निधी मुक्या जनावरांसाठी का नसावा? कुत्र्याच्या परवान्याची फी महापालिका घेतेच. नगरविकास खात्याशी बोलून त्यातला वाटा इकडे वळवा. रात्रपाळीचा एक सरकारी पशुवैद्य ठाण्यात आणि एक नवी मुंबईत बसवा. त्यानं "तातडीचं आहे" असं लिहून दिलं की खासगी दवाखान्याला पहिल्या दिवसाची रक्कम निधीतून मिळावी. उरलेलं आम्ही हप्त्यानं फेडू, फुकट नको.

"माणसांना मिळत नाही आणि हिला बोक्याची पडलीय," असं इमारतीतले दोघं-तिघं म्हणालेच. पण २०२२ साली गुरांचा लम्पी हा त्वचारोग आला तेव्हा सरकारनं लस फुकट टोचली, मेलेल्या दुधाळ गाईमागे तीस हजार दिले, आणि ते योग्यच केलं. गाईवर घर चालतं, बोक्यावर नाही, हे मलाही कळतं. मात्र जनावरापायी कर्जात जाणारं माणूस दोन्हीकडे सारखंच असतं.

भिशीचे चार हजार मला अजून फेडायचे आहेत. त्या रात्रीची पावती जपून ठेवली आहे. आपल्या कार्यालयाला वेळा आणि आकडे तपासायचे असतील तर घेऊन येते. फक्त सकाळी अकरानंतर बोलवा, तोवर डबे असतात.

आपली,
लोकमान्यनगरची एक डबेवाली